काटकसरी यंत्र, महाग वीज

ब्रिटनमध्ये नवे घर घेणाऱ्या कुटुंबापुढे अलीकडे एक नवा हिशेब येऊन ठेपतो. घराच्या बाहेरच्या भिंतीलगत पंखा असलेली एक मोठी पेटी बसविलेली असते, घरात गॅसचा बॉयलर नसतो आणि सारे घर ‘हीट पंपा’ने उबदार राहील असे बिल्डर सांगतो. ते उबदार राहते यात शंका नाही. प्रश्न आहे तो हिवाळ्यानंतर हाती पडणाऱ्या बिलाचा. जेथे वर्षातील कित्येक महिने घर तापविल्यावाचून राहणे शक्य नाही, तेथे हा प्रश्न हौसेचा नसून संसाराच्या अंदाजपत्रकाचा आहे. आणि त्याचे उत्तर यंत्रापेक्षा दरपत्रकात अधिक सापडते.

हीट पंपाची कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी तिचे तत्त्व 1852 मध्येच मांडले होते, आणि नॉर्विच शहरात जॉन समनर यांनी 1945 मध्ये नदीच्या पाण्यातील उष्णता खेचून एक इमारत तापवून दाखविली होती. रेफ्रिजरेटर आतल्या पदार्थांची उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतील उष्णता काढून घरात आणतो. वीज खर्च होते ती उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती वाहून आणण्यासाठी. त्यामुळेच एक युनिट विजेच्या मोबदल्यात तीन युनिट उष्णता मिळू शकते. साध्या विजेच्या शेगडीत एका युनिटचे एकच युनिट मिळते, तर चांगल्या गॅस बॉयलरमध्ये एका युनिट गॅसमागे सुमारे 0.9 युनिट.

तिप्पट लाभ देणारे यंत्र खर्चही तिपटीने वाचवील असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे किमतींचे गुणोत्तर आडवे येते. ऊर्जा नियामक ‘ऑफजेम’ने जानेवारी ते मार्च 2025 या तिमाहीसाठी घरगुती दरांची जी मर्यादा ठरविली, तीनुसार सरासरी वीज युनिटमागे 24.86 पेन्स, तर गॅस 6.34 पेन्स होता. म्हणजे वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग. यंत्राने तिप्पट कमावले तरी दराने चौपट घेतले, असा हा व्यवहार आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या नव्या, बंदिस्त बांधणीच्या घराला खोल्या व पाणी तापविण्यासाठी वर्षाला 6,000 युनिट उष्णता लागते असे समजू. बॉयलर असल्यास वरील दराने गॅसचे सुमारे 423 पौंड होतील. शिवाय गॅसजोडणीचा स्थिर आकार दिवसाला सुमारे 32 पेन्स, म्हणजे वर्षाला सुमारे 115 पौंड. एकूण 538 पौंड. हीट पंपाने वर्षभरात सरासरी तिप्पट उष्णता दिली तर विजेचा खर्च 497 पौंड येतो. अडीचपटच दिली तर तो 597 पौंडांवर जातो. चौपट दिली तर 373 पौंडांवर उतरतो. विजेचा स्थिर आकार दोन्ही घरांना द्यावाच लागतो, म्हणून तो या तुलनेत धरलेला नाही. तात्पर्य, तोच पंप व तेच दर असूनही एका घरात बचत होते आणि शेजारच्या घरात भुर्दंड पडतो. गॅसजोडणीच नसल्याने तिचा स्थिर आकार वाचतो, हा नव्या घराचा मोठा फायदा. तो वगळला तर तिप्पट उष्णता देणारा पंपही बॉयलरपुढे हरतो.

ही अडीचपट, तिप्पट वा चौपट कशावर ठरते? प्रामुख्याने रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानावर. बाहेरची हवा आणि आतले पाणी यांच्या तापमानातील अंतर जितके अधिक, तितके कॉम्प्रेसरला कष्ट अधिक. जमिनीखालून नळ्या फिरविल्या असतील किंवा रेडिएटर मोठे असतील, तर 35 ते 45 अंशांचे पाणी पुरते. रेडिएटर लहान ठेवले की 55 अंशांचे लागते आणि वीज जास्त जळते. इंग्लंडच्या 2022 पासून लागू झालेल्या बांधकाम नियमांनी नव्या घरांसाठी ही कमाल 55 अंशांवर आणली खरी. पण कमाल मर्यादा म्हणजे उत्तम मात्रा नव्हे. शिवाय बॉयलरसारखा पंप सकाळ-संध्याकाळ तासभर जोरात चालविण्याऐवजी मंद गतीने सलग चालविणे हितावह असते, आणि हे नव्या मालकाला कोणी तरी समजावून द्यावे लागते. ब्रिटनमधील जुन्या-नव्या 742 घरांत झालेल्या शासकीय चाचणीत हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांची वार्षिक सरासरी सुमारे 2.8 पट आढळली. वरच्या हिशेबात समतोलाचा बिंदूही जवळपास तेथेच येतो. सरासरी कुटुंब, म्हणजे, अगदी काठावर उभे आहे.

काठावरच्या या कुटुंबाचे हित पाहणारा कोण? मोठे रेडिएटर आणि काटेकोर बांधणी यांचा खर्च बिल्डर करतो, त्यांच्या अभावी येणारे बिल मात्र खरेदीदार भरतो. ज्याच्या हाती निर्णय त्याच्या खिशाला झळ नाही, ही बाजारपेठेची जुनी उणीव येथे ठळकपणे दिसते. ती दूर करण्याचे काम शासनाचे. पण त्याने धरसोडच केली. 2016 पासून सर्व नवी घरे ‘शून्य कार्बन’ असावीत असे धोरण 2006 मध्ये जाहीर झाले आणि अंमलबजावणीच्या तोंडावर, जुलै 2015 मध्ये, रद्द झाले. त्यानंतर 2019 मध्ये नव्या घरांतून गॅस बॉयलर हटविण्यासाठी 2025 हे वर्ष घोषित झाले. तेही वेळापत्रक पुढे सरकत गेले. दरम्यान उभ्या राहिलेल्या घरांचे उणेपण त्यांचे रहिवासी दरमहा फेडीत आहेत.

याहून मोठी विसंगती दरांत आहे. अक्षय ऊर्जेच्या प्रोत्साहनासाठी 2002 आणि 2010 मध्ये सुरू झालेल्या योजनांचा भार शासनाने विजेच्या बिलावर टाकला; गॅस त्यातून बराचसा सुटला. त्यातच घाऊक बाजारात विजेचा भाव बहुधा सर्वांत महागडे, म्हणजे गॅसवर चालणारे, वीजकेंद्र ठरविते. एका हाताने जुन्या घरांना बॉयलर बदलण्यासाठी 7,500 पौंडांचे अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच यंत्राच्या इंधनावर अधिभार लादायचा, हे कोणते अर्थशास्त्र? बिल्डरने बांधलेल्या नव्या घराला तर ते अनुदानही लागू नाही. त्याच्या वाट्याला केवळ अधिभारच येतो.

हवामानाला दोष देण्यातही अर्थ नाही. ब्रिटनहून कितीतरी थंड असलेल्या नॉर्वे व स्वीडनमध्ये हीट पंप घरोघरी रुळले आहेत. नॉर्वेत जलविद्युत मुबलक आहे. स्वीडनने तेलटंचाईच्या 1970 च्या दशकानंतर खनिज तेलाची कास हळूहळू सोडली आणि 1991 मध्ये कार्बन कर बसविला. जे इंधन सोडायचे ते महाग आणि जे धरायचे ते तुलनेने स्वस्त, एवढाच साधा नियम त्यांनी पाळला.

ब्रिटिश शासनालाही हे उशिरा का होईना उमजू लागले आहे. 2002 च्या योजनेचा घरगुती ग्राहकांवरील भार एप्रिल 2026 पासून तीन वर्षे तीन-चतुर्थांश प्रमाणात सरकारी तिजोरीतून उचलण्याची घोषणा नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. दिशा योग्य आहे; मुदत मात्र अपुरी आहे. हीट पंप पंधरा-वीस वर्षांसाठी बसविला जातो, आणि त्याच्या मालकाला तीन वर्षांचीच हमी मिळते. अधिभारांची ही फेररचना कायमची व्हावी, आणि घर विकताना त्याचा पंप प्रत्यक्ष किती पट उष्णता देतो हे मोजून लेखी देण्याचे बंधन बिल्डरवर यावे. तसे झाले नाही, तर नव्या घरातील कुटुंब यंत्रालाच दोष देईल आणि शेजाऱ्याला बॉयलर न काढण्याचा सल्ला देईल. त्या सल्ल्याला मग कोणत्याही अनुदानाचा उतारा चालणार नाही.