जुन्या कॉम्प्युटरला नवी डिस्क

कॉम्प्युटर जुना झाला की लगेच नवाच घ्यावा असं नाही. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर, म्हणून ती झटपट चालते. आमच्या शेलूबाजारच्या बचत गटाने तीच बसवून घेतली. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली.

सुरू केलं, तर काळा पडदा आणि बूट डिव्हाइस सापडत नसल्याची इंग्रजी ओळ! सगळ्या जणींचे हप्ते, व्याज त्यातच. "आता काय करावं वं?" अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. दुकानदार म्हणे, दोन्ही डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू. मी साफ नाही म्हटलं.

पुसण्याआधी बघण्यासारखं बरंच असतं. मेन बटण बंद करून डिस्कच्या दोन्ही केबल घट्ट बसवा. एक विजेची, दुसरी माहितीची. मग सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं). बायोस उघडतं. तिथे एसएसडीचं नाव दिसलं, म्हणजे मशीनला ती ओळखता येतेय. बूटच्या यादीत तिला सर्वांत वर न्या आणि सेव्ह करा. आमचा कॉम्प्युटर लगेच सुरू झाला.

रात्री लाइट गेली, सकाळी पुन्हा तेच! बायोसमधली तारीखही कितीतरी वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. वीज गेली की सगळी सेटिंग पुसली जायची. सेल घड्याळवाल्याकडेच मिळाला.

जुनी डिस्क मात्र पासबुकांच्या पेटीत ठेवलीय, वर तारीख लिहून.