बुरुडांनी विचारलेला प्रश्न

बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमचं मूळ दैवत काडु मल्लेश्वर. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. आज या देवळाभोवती फुलवाल्यांची गर्दी, कॉफीचा दरवळ आणि वाहनांची रांग असते. या देवस्थानाशी निगडित असलेला १६६९ सालचा एक शिलालेख मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव या देवाच्या खर्चासाठी लावून दिल्याची नोंद त्यात आहे. गावाच्या नावाची फोड केली तर अर्थ सरळ निघतो. हळ्ळी म्हणजे गाव, निंग हे माणसाचं नाव आणि मेदर म्हणजे आपल्याकडचे बुरूड. थोडक्यात, निंगा बुरुडाचं गाव. बांबूच्या टोपल्या, सुपं आणि कणग्या विणणाऱ्या माणसाच्या नावाने ओळखलं जाणारं गाव या रानातल्या देवाला दिलं गेलं.

देवळापासून उत्तरेकडे चालत निघालं की थोड्या वेळात एक मोठं, दाट झाडीचं आवार लागतं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे त्याचं नाव, पण जुनी बेंगळुरूकर मंडळी अजूनही त्याला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. जमशेटजी टाटांची कल्पना, म्हैसूर संस्थानाने दिलेली जमीन आणि १९०९ ची स्थापना, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. विमानविद्या, धातुशास्त्र, अवकाश संशोधन अशा विषयांसाठी ही संस्था प्रसिद्ध आहे. आपल्या देशात ‘शाश्वत विकास’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, याच आवारात त्या विषयावरचं पायाभूत काम सुरू झालं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम सुरू झालं ते मेदरांच्या, म्हणजे बुरुडांच्या तक्रारीवरून.

पुण्यात वाढलेले माधव गाडगीळ हार्वर्डहून परतल्यावर १९७३ मध्ये या संस्थेत आले. त्याच सुमारास कर्नाटकातल्या मेदर समाजाने आवाज उठवला होता की रानातला बांबू संपत चालला आहे, कागद गिरण्या तो उचलून नेतात आणि आमच्या हाताला काही लागत नाही. त्या वेळी राज्याचे अर्थमंत्री होते एम. वाय. घोरपडे. संडूरच्या मराठा राजघराण्यातले घोरपडे स्वतः उत्तम वन्यजीव छायाचित्रकार होते. बांबूचं नेमकं काय होतंय हे शोधून काढायचं काम त्यांनी गाडगीळांकडे सोपवलं. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी एस. नरेंद्र प्रसाद यांनी त्यासाठी कित्येक वर्षं राज्यातली बांबूची रानं पालथी घातली.

या अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ते साफ केलं तर तोडणी सोपी होते आणि बेटही जोमाने वाढतं, अशी वनखात्याची समजूत होती, आणि तशी सफाई केलीही जाई. गावकरी सांगत होते की हे चुकतंय. काटे काढले की कोवळे कोंब उघडे पडतात आणि गुरं, माकडं, साळिंदर ते खाऊन टाकतात. नवे कोंब वाढलेच नाहीत तर बेट म्हातारं होऊन जातं. संशोधकांनी कोंब मोजले, साफ केलेली बेटं आणि न केलेली बेटं यांची तुलना केली. गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

दुसरी गोष्ट किमतीची. गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू मिळत होता टनामागे रुपया-दोन रुपये अशा नाममात्र दराने. तोच बांबू बाजारात बुरुडाला विकत घ्यावा लागे तेव्हा दर हजाराच्या पुढे जाई. फुकटासारखी मिळालेली वस्तू कोणी जपून वापरत नाही. एका रानातला बांबू संपला की गिरणीचे ट्रक पुढच्या रानाकडे वळत. टोपली विणणाऱ्याला मात्र दुसरं रान नव्हतं. पर्यावरणाचा प्रश्न हा मुळात न्यायाचा प्रश्न असतो, हे गाडगीळांनी पुढे आयुष्यभर मांडलं. त्याची मुळं या बांबूच्या हिशोबात आहेत असं मी मानतो.

हा अभ्यास १९८१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने. या परिषदेविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी वाचकाच्या, विशेषतः सीमाभागातल्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची ती आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली ही परिषद त्याच टाटा इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. राज्यापुढचे प्रश्न शास्त्रज्ञांपर्यंत आणि शास्त्रज्ञांची उत्तरं राज्यापर्यंत पोचवायची, हा तिचा हेतू. तिच्या उभारणीत एका माणसाचा मोठा वाटा होता, अमूल्य कुमार एन. रेड्डी यांचा.

रेड्डी विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. त्या विषयावर बॉक्रिस यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. अशा माणसाने १९७४ मध्ये आपल्या संस्थेत ‘अस्त्र’ नावाचा गट उभा केला. ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरायचं, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्रा गावात त्यांनी केंद्र काढलं आणि प्रयोगशाळेतली माणसं चुलीपुढे बसू लागली. या गटाने बनवलेली ‘अस्त्र ओले’ ही तीन भांड्यांची चूल (ओले म्हणजे कन्नडमधली चूल) कमी लाकडात शिजवते आणि धूर धुराड्यातून बाहेर काढते. के. एस. जगदीश आणि सहकाऱ्यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून, दाबून विटा करायचं तंत्र बसवलं. भट्टी नाही, त्यामुळे जळण नाही. आज कार्बन उत्सर्जनाच्या चर्चेत अशा विटांना मान मिळतो आहे. तेव्हा त्यामागे गरिबाच्या घराचा विचार होता.

पण अस्त्रची सगळ्यात शिकवणारी गोष्ट पुरा गावची. कुणिगल तालुक्यातल्या या लहान गावात शेणाच्या गॅसवर सगळ्यांचा स्वयंपाक व्हावा अशी योजना आखली गेली. ती फसली. गावातली जनावरं जेवढं शेण देत होती त्यात सगळ्या चुली पेटणं शक्य नव्हतं. शिवाय गावाला स्वयंपाकाच्या गॅसची तेवढी निकड नव्हतीच, जळण बायका-मुलं गोळा करून आणत होती. तुम्हाला काय हवंय, हा प्रश्न नीट विचारला गेला तेव्हा उत्तर आलं, पाणी. मग तोच गॅस इंजिनाला जोडून वीज तयार केली गेली, विजेवर कूपनलिकेचा पंप चालला, घरांजवळ नळ आले, पाठोपाठ दिवे आले. १९८७ पासून ही व्यवस्था चालू झाली. शेण आणून देणाऱ्याला वजनाप्रमाणे पैसे मिळत आणि गॅस निघाल्यावर उरलेली स्लरी खत म्हणून परत मिळे. संशोधकांनी आपली चूक मान्य केली, जाहीरपणे लिहिली आणि काम बदललं. आजच्या प्रकल्प अहवालांत अशी कबुली किती वेळा वाचायला मिळते?

अस्त्रचं पुढे ‘सेंटर फॉर सस्टेनेबल टेक्नॉलॉजीज’ असं नामांतर झालं. रेड्डी यांनी गोल्डेमबर्ग, योहान्सन आणि विल्यम्स या तिघांबरोबर ऊर्जेविषयी लिहिलेला ग्रंथ १९८८ मध्ये आला. ऊर्जा किती निर्माण केली याच्यापेक्षा तिने माणसाची कोणती गरज भागवली ते मोजा, हा त्याचा गाभा. या कामासाठी चौघांना २००० मध्ये व्होल्वो पर्यावरण पारितोषिक मिळालं. पुऱ्याच्या गावकऱ्यांनी जे शिकवलं तेच तिथवर पोचलं, असं म्हणायला हरकत नाही.

याच आवारात सुलोचना गाडगीळ मान्सूनचा अभ्यास करत होत्या. पावसाच्या ढगांच्या पट्ट्यांवरचं त्यांचं काम जगभर नावाजलं गेलं. तरी मला आठवते ती त्यांची भुईमुगाची गोष्ट. पावगड परिसरातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांकडे त्या गेल्या, शेतकरी आणि संशोधक पी. आर. शेषगिरी राव यांना बरोबर घेतलं आणि प्रश्न विचारला, पेरणी नेमकी कधी केली तर नुकसानीचा धोका सगळ्यात कमी? अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी, पिकाची वाढ आणि शेतकऱ्याचा अनुभव एकत्र मांडून पेरणीचा योग्य काळ शोधला गेला. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ एवढ्या वाक्याने शेतकऱ्याला काही ठरवता येत नाही. त्याला तारीख हवी असते.

शहराकडेही या संस्थेचं लक्ष आहे. टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या गटाने उपग्रह चित्रांवरून बेंगळुरूची १९७३ पासूनची वाढ मोजली. साडेचार दशकांत बांधकामाखालचं क्षेत्र दहा पटींहून जास्त वाढलं, झाडोरा ८८ टक्के आणि पाणथळ जागा ७९ टक्के घटल्या. २०२४च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्या, तेव्हा या आकड्यांचा अर्थ नळाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. याच गटाने १९९८ पासून तलावांवरचं संमेलन दर दोन वर्षांनी भरवायला सुरुवात केली. तिथे शाळकरी मुलंही आपल्या गावच्या तळ्याचा अभ्यास मांडतात. मल्लेश्वरमला लागून असलेला सँकी तलाव १८८२ चा. त्याच्या काठावरची झाडं वाचवायला रहिवासी रस्त्यावर उतरले ते २०२३ मध्ये. जवळ विद्यापीठ असणं आणि जागरूक शेजारी असणं, दोन्ही लागतं.

आता पैशांविषयी. संशोधनाला लागणारा पैसा म्हणजे दिल्लीतून येणारे कोट्यवधी, अशी आपली समजूत असते. तेही आहेतच. २०२३च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ स्थापन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा, असा आराखडा आहे. पीएचडी करणाऱ्याला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. शाळकरी मुलांच्या कल्पनांना ‘इन्स्पायर मानक’ योजनेत १०,००० रुपये मिळतात. पण लहान गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी सगळ्यात जवळचं दार कर्नाटकाच्या त्याच परिषदेचं आहे.

१९७७-७८ पासून ही परिषद विद्यार्थी प्रकल्प योजना चालवते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मार्गदर्शक प्राध्यापकाच्या सहीने आणि प्राचार्यांमार्फत प्रस्ताव पाठवतात. निवड झालेल्या प्रकल्पाला काही हजार रुपये मिळतात, मध्ये तज्ज्ञ येऊन काम तपासतात आणि निवडक प्रकल्प राज्यस्तरीय प्रदर्शनात मांडले जातात. रक्कम लहान आहे, पण सुटे भाग, वायरी, पाण्याच्या तपासण्या आणि गावात जाण्या-येण्याचा खर्च त्यात निघतो. बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर इथली महाविद्यालयं कर्नाटकात आहेत, म्हणजे तिथली मराठी मुलंही पात्र आहेत. सीमावादाच्या चर्चेत हे दार आपल्याला दिसेनासं होऊ नये असं मला कळकळीने वाटतं. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आयआयटी मुंबईतलं ‘सितारा’ हे १९८५ पासूनचं केंद्र आणि २०१६ मध्ये सुरू झालेलं उन्नत महाराष्ट्र अभियान यांनी अशीच वाट केली आहे. नळपाणी योजना का बंद पडली, एसटीच्या वेळा का जुळत नाहीत, असे प्रश्न घेऊन विद्यार्थी गावात जातात आणि त्याचे गुण मिळतात.

प्रस्ताव लिहिणाऱ्या मुलांना माझी एक सूचना आहे. ‘स्मार्ट’, ‘ग्रीन’ असे शब्द शीर्षकात घालून काही साधत नाही. हा प्रश्न कोणी विचारला, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. तो विचारणारा माणूस खरा हवा, त्याचं गाव खरं हवं. आणि काम झाल्यावर निष्कर्ष त्याच्या भाषेत त्याला नेऊन सांगा. पश्चिम घाट समितीचा अहवाल गाडगीळांनी ३१ ऑगस्ट २०११ रोजी सरकारला दिला. तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे ठेवला जावा, हा त्यांचा आग्रह होता. आपलं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करा, असे ठराव सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी समितीकडे दिले होते. लोकांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ठराव वाचावेत.

टाटा इन्स्टिट्यूट वर्षातून एक दिवस सर्वांसाठी खुली असते. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये हा ‘ओपन डे’ असतो, आणि त्या दिवशी प्रयोगशाळांची दारं कुणालाही उघडी असतात. बेळगावहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी बेंगळुरूत पोचता येतं. शिक्षकांनो, यंदा मुलांना तिथे न्या. आणि जाण्याआधी खानापूर, जोयडा, दांडेलीच्या पट्ट्यात बांबूवर पोट असलेल्या एखाद्या घरी त्यांना नेऊन बसवा. त्या बुरुडाला आज काय अडतंय ते मुलांच्या वहीत लिहून घ्या, आणि ती वही बरोबर घेऊन आत शिरा.