संगणकाच्या भाषेत नवी चिन्हे घ्यावीत का?



कणकुंबी, जांबोटी, खानापूर या पट्ट्यातील बऱ्याच घरांतली मुले-मुली आज बेळगाव, पुणे, बेंगळुरू येथे संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांच्या क्षेत्रात एक जुना वाद आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःच्या मनाने नवे क्रियाचिन्ह तयार करू द्यावे की नाही? आम्ही वाणिज्य शाखेचे, आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले. पण चिन्हांशी आमचाही रोजचा संबंध होता आणि या वादात आपली देवनागरीही येते, म्हणून हा लेख.

क्रियाचिन्ह म्हणजे बेरजेचे +, वजाबाकीचे - यांसारखी खूण. संगणकवाले त्याला ऑपरेटर म्हणतात. शाळेत गुणाकाराला आपण × शिकलो, पण संगणकावर * का? १९५७ साली फोरट्रान ही भाषा आली, तेव्हा कार्डावर भोके पाडणाऱ्या यंत्रांत × हे चिन्हच नव्हते. पुढे १९६३ साली आस्की नावाची चिन्हसूची ठरली. तिच्यात एकूण १२८ जागा. त्यात × नाही, ÷ नाही, मग देवनागरी कुठली! म्हणजे हा फुलीऐवजी चांदणीचा रिवाज गणिताने घातलेला नाही, जागेच्या टंचाईने घातलेला आहे.

टंचाई न मानणारेही होते. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात स्वतःची चिन्हे मांडली आणि त्यातून एपीएल ही भाषा निघाली. तिला वेगळा कीबोर्ड लागे. इतरांचे पानभर काम त्यात एका ओळीत होई. जाणकार खूष, बाकीच्यांना ती ओळ म्हणजे कोडे.

१९९१ पासून युनिकोड आले आणि जागेचा प्रश्न मिटला. आज त्यात दीड लाखाहून अधिक चिन्हे आहेत. आपले ₹ १५ जुलै २०१० रोजी सरकारने स्वीकारले, डी. उदयकुमार यांचे रेखाटन, आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली. जुन्या संगणकांवर मात्र त्या जागी बराच काळ रिकामा चौकोनच दिसे. आता ज्युलिया, स्विफ्ट, राकू या भाषांत ⊕ सारखे चिन्ह घेऊन त्याला आपण हवा तो अर्थ देऊ शकतो. पायथॉनमध्ये नवे क्रियाचिन्ह करता येत नाही, पण नावे मराठीत चालतात. म्हणजे व्याज = मुद्दल * दर * मुदत / १०० असे सूत्र त्यात लिहिता येते; फक्त १०० तेवढे इंग्रजी अंकांत लिहावे लागते.

याचा आपल्याला उपयोग काय? आमच्या मते एक चांगला आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै होत्या. जुन्या वह्यांत सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १॥ आणि पावणेदोन म्हणजे १॥। असे लिहीत. मोडीतील कागद ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांनी या उभ्या रेघा पाहिल्या असतील. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावांवरून या अपूर्णांकांच्या खुणांना २००९ साली आणि मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाल्या. राकूसारख्या भाषेत अंकामागच्या एका दंडाचा अर्थ ‘पाव मिळवा’ असा ठरवून देता येतो. मग आजोबांच्या वहीतील आकडे जसेच्या तसे मांडून बेरीज घेता येईल, आधी दशांशात उतरवण्याची खटपट नको. उतरवतानाच तर चुका होतात!

आता दुसरी बाजू. शाळेतले कंचेभागुबेव आठवा. २ + ३ × ४ याचे उत्तर १४ येते, कारण गुणाकार आधी. समजा ⊕ हेही बेरजेसारखेच काम करते. २ ⊕ ३ × ४ मध्ये ⊕ गुणाकाराच्या खाली बसवले तर १४, वर बसवले तर २०. ज्युलियात हा मान भाषेनेच आधी ठरवून ठेवला आहे. स्विफ्टमध्ये चिन्ह करणारा ठरवतो. म्हणजे वाचणाऱ्याला चिन्हाचा अर्थही शोधायचा आणि पायरीही. लेजरमध्ये एखादा क्लार्क स्वतःपुरत्या खुणा करतो आणि त्याची बदली होते, तेव्हा मागे राहिलेल्यांचे काय होते ते बँकेत काम केलेल्या कोणालाही विचारा.

त्याहून मोठी अडचण सारख्या दिसणाऱ्या खुणांची. वजाबाकीची आडवी रेघ तीन प्रकारची असते: कीबोर्डवरची -, छपाईतली – आणि गणितातली −. डोळ्याला फरक कळत नाही. हिशेबाच्या तक्त्यात दुसरीकडून उचललेली रक्कम चुकीच्या रेघेसह चिकटवली, तर तक्ता तिला आकडा न मानता मजकूर मानतो आणि बेरजेतून ती रक्कम गुपचूप वगळली जाते. मंडळाचा जमाखर्च मांडणाऱ्यांनी हे जरूर तपासावे. राकूने यावर बरा तोडगा काढला आहे: गणिती − चालते आणि साधी - सुद्धा, दोन्हींचा अर्थ एकच.

देवनागरीत तर हे पदोपदी आहे. विसर्गाच्या जागी कोलन टाकून दु:ख लिहिणारे आपल्यात पुष्कळ. पायथॉनमध्ये कोलनला स्वतंत्र अर्थ असल्याने तिथे त्या शब्दाचे दोन तुकडे पडतात. दंड आणि संगणकातील ‘किंवा’ची उभी रेघ | यांचेही तसेच. (कानडी मजकुरातही हाच दंड वापरावा अशी युनिकोडची व्यवस्था आहे. सीमाभागातल्या आपल्याला यात नवल नाही.) ॲ हे अक्षर २००८ पासून एक स्वतंत्र अक्षर आहे, पण काही जण अजून अ वर चंद्र देऊन ते बनवतात. दिसते सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळे यादीत ‘ॲड.’ शोधले की निम्मे वकील सापडत नाहीत. आणि आपल्या दऱ्याखोऱ्यांतला ऱ्य! तो ऱ घेऊनही होतो आणि र नंतर न दिसणारा जोडणारा संकेत घालूनही. हा दुसरा प्रकार नावात आला की पायथॉन सरळ नाकारतो.

म्हणून आमचे मत असे: ×, ÷, ≤, ∈ ही ज्यांचा अर्थ सर्वत्र ठरलेला आहे ती चिन्हे खुशाल वापरावीत. जुन्या वहीच्या दंडासारखे खास चिन्ह त्या कामापुरते घ्यावे, पण सोबत साध्या अक्षरांत नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘पाव_मिळवा’, म्हणजे ज्याच्या कीबोर्डवर ते चिन्ह नाही त्याचे अडणार नाही. निव्वळ शोभेसाठी नवे चिन्ह नको. तरुण सभासदांचे मत वेगळे असू शकते, त्यांनी ते कळवावे.

तोपर्यंत एक विनंती. मंडळाच्या सभासद यादीत नावे भरताना विसर्ग मराठी कीबोर्डवरचाच घ्यावा, कोलन नको. आणि ॲ व ऱ ही अक्षरे मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर तयार मिळतात, तीच वापरावीत.