तीन गुणांचे गणित

दसऱ्याच्या सुमारास रणजी करंडक स्पर्धेचा मोसम सुरू होतो आणि आमच्या घरात एका जुन्या वहीचे नवे पान उघडले जाते. त्या पानावर आम्ही आठ संघांची नावे एकाखाली एक लिहितो, पुढे सात रकाने आखतो आणि पेन्सिलीला टोक करून ठेवतो. घरातील तरुण मंडळी हसतात. सारे आकडे मोबाइलवर आयते मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे त्यांना वाटते. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण आपल्या हाताने मांडलेल्या बेरजेत जी आशा असते, ती आयत्या उत्तरात नसते, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. आणि आशेवाचून बडोद्याच्या संघाचा चाहता होणे कुणालाही परवडणारे नाही.

आमचे कित्येक वाचक इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवे अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांचा जीव त्यांच्या त्यांच्या गावच्या संघात गुंतलेला असणार. त्यांनी बडोद्याच्या जागी आपल्या संघाचे नाव घालून हा लेख वाचावा. हुरहूर तीच आहे.

ज्यांना या स्पर्धेची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आम्ही ज्या २०२४-२५ च्या मोसमाविषयी लिहीत आहोत, त्या मोसमात वरच्या श्रेणीतील बत्तीस संघांचे चार गट केलेले होते. प्रत्येक गटात आठ संघ, प्रत्येकाचे सात साखळी सामने, आणि गटातील पहिले दोनच संघ उपांत्यपूर्व फेरीत. तेथून पुढे जो हरला तो बाद. साखळीत निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास एक गुण अधिक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास तीन आणि पिछाडीवर राहिलेल्यास एक. हरणाऱ्याच्या पदरी शून्य. वरवर पाहता हे सोपे कोष्टक आहे. परंतु त्यातील तीन हा आकडा किती भारी पडू शकतो, हे आम्ही त्या मोसमात शिकलो.

त्या वर्षी मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदे हे तिन्ही संघ एकाच गटात आले होते. त्यांच्याबरोबर जम्मू-काश्मीर, सेनादल, ओडिशा, त्रिपुरा आणि मेघालय. आम्हां मराठी बडोदेकरांच्या घरांत अशा वेळी एक गोड पेच उभा राहतो. भाषा मुंबईची, नातेवाईक पुण्याचे, आणि मैदान मात्र मोतीबागेचे! पहिलाच सामना बडोद्यात मुंबईशी झाला, आणि मुंबई त्या वेळी रणजी करंडकाची विजेती होती. सामना चालू असतानाच दसरा आला. पहिल्या डावात आपले २९०, त्यांचे २१४. दुसऱ्या डावात आपण १८५ धावांत आटोपलो तेव्हा आम्ही पेन्सिल खाली ठेवली. मुंबईला २६२ धावा हव्या होत्या, आणि मुंबईच्या फलंदाजांना २६२ धावा म्हणजे काय मोठेसे! पण भार्गव भट्टच्या डावखुऱ्या फिरकीपुढे मुंबईचा डाव १७७ धावांवर संपला आणि ८४ धावांनी बडोदे जिंकले.

आमच्या धाकट्या नातवाने त्या संध्याकाळी विचारले, "आजोबा, आपण मराठी ना? मग मुंबई हरली तर तुम्हांला एवढा आनंद कसा झाला?" आम्ही त्याला पेढा देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला.

ते वर्ष बडोद्याच्या क्रिकेटला एरवी दुःखाचेच गेले होते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी दत्ताजीराव गायकवाड वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे नेतृत्व करणारे आणि १९५७-५८ मध्ये बडोद्याला रणजी करंडक मिळवून देणारे ते कर्णधार. त्यांच्या पाठोपाठ ३१ जुलै रोजी त्यांचे चिरंजीव अंशुमन गायकवाडही गेले. कसोटी सामन्यांत धीराची मूर्ती म्हणून त्यांची ख्याती होती. १९८३ मध्ये जालंधर येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०१ धावा केल्या, त्या अकरा तासांहून अधिक काळ खेळपट्टीवर उभे राहून. एकाच घरातील दोन पिढ्या एका वर्षात काळाआड गेल्या. मुंबईवरील विजय म्हणूनच आम्हांला केवळ सहा गुणांचा वाटला नाही.

पुढे सारे सुरळीत झाले. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाच सामने आटोपले तेव्हा बडोद्याचे २७ गुण होते. जम्मू-काश्मीरचे २३, मुंबईचे २२. आम्ही गटात सर्वांच्या वर! मग मर्यादित षटकांच्या स्पर्धांसाठी रणजी सामने थांबले आणि ते २७ गुण आम्ही दोन महिने उराशी धरून बसलो. लग्नकार्यात, भाजी घेताना, सकाळच्या फेरफटक्यात ओळखीचे कुणी भेटले की विषय एकच. "आता दोनच सामने. काय अवघड आहे?" सारे हेच म्हणत होते. आम्हीही म्हणत होतो.

जानेवारीच्या अखेरीस नाशिकला महाराष्ट्राविरुद्ध सामना झाला. त्यांच्या २९७ धावांना आपले उत्तर अवघे १४५. दुसऱ्या डावात त्यांनी ४६४ धावांवर डाव सोडला आणि आपण १७७ धावांत गारद झालो. पराभव ४३९ धावांचा, गुण शून्य. त्याच वेळी मुंबईत जम्मू-काश्मीरने रोहित शर्मासारखे खेळाडू असलेल्या मुंबईला पाच गडी राखून हरवले. आमच्या वहीत आकडे असे झाले : जम्मू-काश्मीर २९, बडोदे २७, मुंबई २२.

शेवटच्या फेरीत मुंबईची गाठ मेघालयाशी होती. तेथे मुंबई सात गुण घेणार हे कुणीही सांगितले असते. म्हणजे मुंबई २९ वर जाणार. आपला सामना घरच्या मैदानावर जम्मू-काश्मीरशी. आपल्याला हवे होते तीन गुण. विजय नको होता, पराक्रम नको होता. पहिल्या डावात एका धावेची आघाडी घ्यावी आणि सामना अनिर्णित ठेवावा, एवढ्यावर भागत होते. २७ आणि तीन मिळून तीस. तीस हे एकोणतीसपेक्षा अधिक, हे नातवालाही समजत होते.

जम्मू-काश्मीरने २४६ धावा केल्या. बडोदे १६६. ऐंशी धावांची पिछाडी झाली आणि तीन गुणांचे दार तेथेच बंद झाले. आता सामना अनिर्णित राहिला तरी एकच गुण मिळणार होता, म्हणजे २८. मुंबईचा सामना तिसऱ्याच दिवशी संपला. मेघालयाचा एक डाव आणि ४५६ धावांनी पराभव करून त्यांनी अपेक्षित सात गुण खिशात घातले. आपल्यासमोर विजयासाठी ३६५ धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या डावात, थकलेल्या खेळपट्टीवर. आम्ही त्या दिवशी देवासमोर दिवा लावला, हे लपवत नाही. १८२ धावांवर सारे बाद झाले. योगायोग असा, की पराभवही १८२ धावांचाच.

ज्या मुंबईला आपण ऑक्टोबरात हरवले होते ती पुढे गेली. आपण घरी राहिलो. दोन गुणांचे अंतर!

लोक नशिबाला दोष देतात. आम्ही देत नाही, आणि त्याचे कारण पुढच्याच आठवड्यात पुण्यास घडले. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरची गाठ केरळशी पडली. जम्मू-काश्मीरच्या पहिल्या डावात २८० धावा. केरळचे नऊ गडी २०० धावांवर बाद झाले होते. तेव्हा सलमान निझार आणि बेसिल थंपी या अखेरच्या जोडीने ८१ धावांची भर घातली. केरळ २८१. आघाडी एका धावेची! सामना अनिर्णित राहिला आणि त्या एका धावेच्या बळावर केरळ पुढे गेले. उपांत्य सामन्यात त्यांनी गुजरातवर पहिल्या डावात दोन धावांची आघाडी मिळवली आणि इतिहासात प्रथमच रणजीचा अंतिम सामना गाठला. तेथे विदर्भाने त्यांना पहिल्या डावाच्याच आघाडीवर मागे टाकले, हा भाग वेगळा.

अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाने तासन्‌तास एक टोक धरून ठेवणे हे नशीब नव्हे. ती तयारी असते. आपल्या संघात कौशल्य आहे. मुंबईला हरवणाऱ्या संघात ते नाही असे कोण म्हणेल? उणीव आहे ती पहिल्या डावातील चिकाटीची. १४५ आणि १६६ हे दोन आकडे आम्ही वहीत लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले आहेत. त्यांतील दुसऱ्या जागी जरी शंभर धावांची भर पडून सामना वाचला असता, तरी बडोद्याचा संघ उपांत्यपूर्व फेरीत असता.

ही चिकाटी काही परकी नव्हे. ती याच मातीतील आहे. सांगलीस जन्मलेले विजय हजारे बडोद्याचे झाले आणि मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, तीन गडी ९१ धावांवर बाद झाले असताना, त्यांनी गुल महंमदच्या साथीने ५७७ धावांची भागी रचली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम एकोणसाठ वर्षे टिकला. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला. त्या सामन्यात बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी विजय मिळवला. आमच्या इंदूरच्या वाचकांनी ही आठवण काढल्याबद्दल क्षमा करावी. त्यांच्या होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला, हेही आम्ही विसरलेलो नाही.

त्या पाच जुन्या विजयांची वर्षे बडोद्यातील जुने क्रीडाप्रेमी श्लोकासारखी म्हणतात : १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५०, १९५७-५८ आणि २०००-०१. शेवटच्या दोहोंमध्ये त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात किती जणांनी किती वह्या भरल्या असतील! आमच्या वडिलांनी १९५८ चा विजय पाहिला आणि पुढचा पाहण्यापूर्वीच ते गेले. २००१ मध्ये बडोद्यातच रेल्वे संघाला २१ धावांनी नमवून जेकब मार्टिनच्या संघाने करंडक उचलला. त्या सामन्यात श्रीरामपूरच्या झहीर खानने केलेला मारा ज्यांनी पाहिला, ते अजून त्याविषयी बोलताना खुर्चीत सावरून बसतात. त्यानंतर २०१०-११ चा अंतिम सामनाही आपल्याच गावी झाला, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर राजस्थान विजेते ठरले. पुन्हा तीच आघाडी!

मग आमच्या संघाची बाद फेरी गाठण्याची शक्यता किती? गटातील आठांतून दोन संघ जातात, म्हणजे रुपयात चार आणे प्रत्येकाच्या वाट्याला. बडोद्याला आम्ही सहा आणे देतो. दोन आणे अधिक का, तर मोसमाच्या पूर्वार्धात हा संघ कुणालाही हरवू शकतो हे त्याने दाखवून दिले आहे. आठ आणे का देत नाही, तर मधल्या विश्रांतीनंतर, वीस षटकांच्या धडाकेबाज खेळातून परत चार दिवसांच्या खेळाकडे येताना संयमाची घडी विस्कटते, हेही आम्ही पाहिले आहे. नव्या मोसमात कोणता तारा किती शतके ठोकतो याकडे इतरांनी पाहावे. आम्ही पाहणार आहोत ते सातवा गडी बाद झाल्यानंतर किती धावांची भर पडते याकडे. तेथे दर डावात चाळीस-पन्नास धावा वाढल्या, तर आम्ही आणखी दोन आणे आनंदाने देऊ.

राहता राहिला नातवाचा प्रश्न. फेब्रुवारीतील त्या पराभवानंतर आम्ही वही मिटून बसलो होतो. तो जवळ येऊन म्हणाला, "आजोबा, आता मुंबई पुढे गेली. आता आपण मुंबईचे होऊ या का?"

आम्ही म्हणालो, "मुंबई जिंकली तर आपल्याला बरे वाटेल, बाळ. मामा जिंकल्यासारखे. पण मामाच्या घराची वही आपण लिहीत नाही."

त्याला कितपत समजले कोण जाणे. तो पेन्सिल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही वही उघडली तर पुढचे कोरे पान आखून ठेवलेले होते. रकाने वाकडे होते, पण मोजून सात होते. आणि सर्वांत वर, दुसऱ्या कोणत्याही संघाचे नाव लिहिण्यापूर्वी, मोठ्या अक्षरांत लिहिले होते : बडोदे.