भीती शिकणं वेगळं, टिकणं वेगळं

अकोले तालुक्यातल्या उसात एकदा बिबट्या दिसला, की पुढे कित्येक दिवस त्या बांधावर आपली पावलं अडखळतात. बिबट्या गेलेला असतो; जागा मात्र भीती जागवते. भीती शिकणं आणि ती टिकणं आपण एकच धरतो. ती दोन कामं आहेत, हे उंदरांनी दाखवलं.

१९९४ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत अल्सिनो सिल्वा आणि सहकाऱ्यांनी ‘क्रेब’ या प्रथिनाच्या जनुकात बदल केलेले उंदीर घेतले. पेटीत ठेवून त्यांना विजेचा हलका झटका दिला. अर्ध्या तासाने त्याच पेटीत ते साध्या उंदरांसारखेच थिजले. चोवीस तासांनी मात्र त्यांचं थिजणं खूपच कमी झालं होतं. म्हणजे शिकण्यात खोट नव्हती. क्रेब इतर जनुकांना कामाला लावतं, नवी प्रथिनं बनतात, चेतापेशींमधले जोड पक्के होतात. घोडं तिथे अडलं.

न्यायदर्शन सांगतं, अनुभव संस्कार ठेवून जातो आणि संस्कारातून स्मृती होते. क्रेब म्हणजे संस्कार, असं आपण म्हणणार नाही. पण नुसत्या अनुभवाने आठवण राहत नाही, हा भेद दोन्हीकडे आहे. म्हणून ‘भीतीचं जनुक सापडलं’ असं कुणी म्हणालं, तर आपण विचारावं: शिकण्याचं, की टिकण्याचं?