चित्रपटाची चौकट आणि घरचा पडदा

घरच्या दूरचित्रवाणीवर एखादा जुना चित्रपट लावावा आणि पडद्याच्या वरखालीं किंवा दोहों बाजूंस काळ्या पट्ट्या दिसाव्या, कीं बहुतेक घरांत एकच तक्रार ऐकूं येते: "एवढा मोठा पडदा घेतला, आणि चित्र एवढेंसेंच!" मग कोणी तरी रिमोट उचलतो, चित्र पडदाभर करतो, आणि सर्वांचें समाधान होतें. हें समाधान कोणत्या मोलानें मिळालें, याची चौकशी सहसा होत नाहीं.

चित्राच्या रुंदीचें उंचीशीं जें प्रमाण असतें, त्याचा हा सारा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सन यानें ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर जी चौकट आंखली, ती रुंदीला चार तर उंचीला तीन अशी होती. बोलपट आले, आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला बसवावी लागली, आणि १९३२ सालीं अमेरिकेंत १.३७ हें प्रमाण ठरलें. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. त्याची चौकट याच, जवळजवळ चौरस घराण्यांतली. आजच्या रुंद दूरचित्रवाणीचें प्रमाण सोळास नऊ, म्हणजे १.७८ आहे. हा बोलपट तिच्यावर पडदाभर करावयाचा, तर उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा कापावा लागतो. नाहींतर चित्र आडवें ताणावें लागतें, आणि विष्णुपंत पागनिसांचा कृश, भावमग्न तुकाराम चांगला अंगानें भरल्यासारखा दिसूं लागतो! बाजूच्या दोन काळ्या पट्ट्या यापेक्षां पुष्कळ बऱ्या.

रुंद चित्राची कथा याच्या उलट आहे. दूरचित्रवाणीनें अमेरिकेंतील प्रेक्षक घरीं बसविले, तेव्हां घरीं दिसूं शकणार नाहीं असें कांहीं तरी दाखविणें चित्रपटवाल्यांना भाग पडलें. १९५३ सालीं 'द रोब' हा सिनेमास्कोपमधील पहिला चित्रपट आला. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियाँ यानें शोधलेल्या भिंगामुळें विस्तृत देखावा आडवा दाबून नेहमींच्याच फिल्मवर उतरवितां येई, आणि चित्रगृहांत तो पुन्हां उलगडला जाई. हिंदुस्थानांत हें तंत्र प्रथम आणलें गुरुदत्तांच्या 'कागज के फूल'नें, १९५९ सालीं. त्याचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ति यांनीं स्टुडिओची रिकामी, अवाढव्य जागा आणि तींत उभीं असलेलीं एकटीं माणसें यांतून जें दुःख उभें केलें, तें रुंदीवांचून उभें राहिलेंच नसतें.

पण जी वस्तु दूरचित्रवाणीला जड जावी म्हणून निर्माण झाली, तीच पुढें दूरचित्रवाणीच्या पेटींत कोंबावयाची वेळ आली. २.३५ प्रमाणाचें चित्र चारास तीनच्या पडद्यावर भरावयाचें म्हणजे शेंकडा ४३ भाग फेकून द्यावयाचा. व्हिडिओ कॅसेटींच्या काळांत हें सर्रास चाले. संवाद डावीकडून उजवीकडे गेला, कीं चौकटहि तिकडे सरकविली जाई. दिग्दर्शकानें न केलेली ही हालचाल कोणा कारागिरानें मागाहून केलेली असे. एका टोंकाला बोलणारा आणि दुसऱ्या टोंकाला तें निमूटपणें ऐकणारा अशीं दोघें एकाच चित्रांत ठेवण्यांत जो अर्थ असतो, तो अशा वेळीं पार नाहींसा होतो.

पट्ट्यांविरुद्धची एक तक्रार मात्र खरी होती. आपल्याकडील पद्धतीच्या डीव्हीडींत उभ्या दिशेनें ५७६ रेषा असतात. रुंद चित्र चारास तीनच्या चौकटींत पट्ट्यांसह बसविलें, तर त्यांतील सुमारें ३२६ रेषाच चित्राच्या कामीं येतात. बाकीच्या काळा रंग दाखविण्यांत खर्ची पडतात. तेंच सोळास नऊच्या हिशेबानें दाबून भरलें, तर सुमारें ४३६ मिळतात. तबकडी तीच, चित्रपट तोच. पण चेहऱ्यांची स्पष्टता निराळी. २००६ सालीं आलेल्या ब्लू-रेच्या १०८० रेषांत हा प्रश्न बराच बोथट झाला.

तेथें दुसराच रोग उद्भवला. फिल्मवर चित्र ज्या सूक्ष्म कणांनीं बनतें, ते कण म्हणजे मळ आहे असें समजून ते यंत्रानें पुसून टाकण्याची हौस सुरू झाली. कणांबरोबर कातडीवरच्या रेषा आणि कापडाचें विणकामहि पुसलें जातें, आणि माणसें मेणाचीं दिसतात. 'पॅटन' हा १९७० सालचा चित्रपट मोठ्या, ६५ मिलिमीटर फिल्मवर काढलेला. त्याच्या २००८ सालच्या ब्लू-रेवर याच कारणानें कडक टीका झाली.

मग अधिक चित्र दिसणें हेंच नेहमीं अधिक खरें काय? तसेंहि नाहीं. कांहीं चित्रपट उंच चौकटींत टिपले जातात, पण चित्रगृहांत वरखालीं झांकून दाखवावयाचे असतात. कुब्रिकच्या 'द शायनिंग'ची (१९८०) संपूर्ण चौकट घरीं उघडली, तेव्हां प्रारंभीच्या डोंगरदृश्यांत छायाचित्रण करणाऱ्या हेलिकॉप्टरची सावली धांवतांना दिसूं लागली. इलिया कझानचा 'ऑन द वॉटरफ्रंट' तर १९५४ सालचा, म्हणजे ऐन स्थित्यंतराचा. त्या वेळीं चित्रगृहांचे पडदेच एका मापाचे नव्हते. क्रायटेरियन या संस्थेनें २०१३ सालीं तो १.६६, १.८५ आणि १.३३ अशा तिन्ही प्रमाणांत दिला. जेथें एकच उत्तर नाहीं, तेथें निवड पाहणाऱ्यावर सोपविणें हाच प्रामाणिक मार्ग होय.

खुद्द कलावंतानें मागाहून मन बदललें, तर पेंच अधिकच वाढतो. 'अपोकॅलिप्स नाऊ' चित्रगृहांत २.३५ प्रमाणांत दिसला होता. त्याचा छायाचित्रकार व्हितोरियो स्तोरारो यानें घरच्या पडद्याकरितां तो २.०० असा आंखडून घेतला. त्याच्या अधिकाराबद्दल शंका नाहीं; पण १९७९ सालीं लोकांनीं पाहिलेलें चित्रहि कांहीं एक हक्क सांगतेंच. २०१० सालच्या ब्लू-रेंत तें मूळ प्रमाणांत परत आलें.

घरीं करण्याजोगें काम थोडेंच आहे. वेष्टनावर मूळ प्रमाण लिहिलेलें आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि दूरचित्रवाणीच्या चित्रमांडणींत 'झूम' व 'स्ट्रेच' बंद ठेवावें. पुष्कळ संच पेटींतून काढतांक्षणींच चित्र किंचित् फुगवून चारी कांठ कापतात. तें थांबविणारी कळ कंपनीपरत्वें निरनिराळ्या नांवाखालीं दडलेली असते, आणि ती बहुधा सूचीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सांपडते.