मेघ कोठे धाडावा?

मुलांना कविता शिकविताना आम्ही शिक्षक एक चूक हटकून करतो. कवितेचे सार आधी सांगतो आणि कविता मागाहून वाचतो. देशाला वा गावाला दुरावलेल्या माणसाची कविता असली, म्हणजे 'येथे कवीची मायभूमीविषयीची ओढ व्यक्त झाली आहे' एवढे वाक्य फळ्यावर लिहिले की आमचे कर्तव्य संपते. मुले ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवितात, आणि त्या ओढीचा एक धागाही त्यांच्या हाती लागत नाही. जुन्नर-आंबेगावच्या बाजूस तीसहून अधिक वर्षे अध्यापन करून मी निवृत्त झालो. त्यांतील पहिली दहा वर्षे मीही हेच करीत होतो, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

पुढे मी रीत पालटली. मुलांना सांगू लागलो, "ओढ शोधू नका, वस्तू शोधा. कवितेत पुनःपुन्हा काय येते ते पाहा." अशा वस्तूला आम्ही वर्गात 'खूण' म्हणत असू.

आरंभ मेघदूताच्या गोष्टीने होई. वर्षभराच्या शापामुळे यक्ष रामगिरीवर येऊन पडला आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे पुष्कळ पंडित मानतात. आठ महिने सरले, चार उरले. आणि तो मेघाकरवी अलकानगरीस निरोप धाडतो. मुलांनी खुणा शोधल्या, तेव्हा त्यांना मोठी गंमत आढळली. अलकेच्या वैभवाचे वर्णन झाल्यावर यक्ष आपल्या घराचा पत्ता सांगतो, तो अंगणातल्या वस्तूंनी: पत्नीने पुत्रवत् वाढविलेले मंदाराचे रोप, पायऱ्यांची विहीर, अशोक व बकुळ, मोर बसण्याची दांडी, दारावर रेखलेले शंख आणि पद्म. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, हा तर पोस्टमनला सांगावा तसा पत्ता आहे!" मी शिकविलेल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा ते वाक्य सरस होते.

मग सावरकरांकडे वळावे. 1906 साली ते विलायतेस गेले आणि 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर 'सागरा प्राण तळमळला' ही कविता त्यांना स्फुरली. येथेही तारा आहे, झोपडी आहे. परंतु मेघ जसा यक्षाचा मित्र, तसा हा सागर नव्हे. त्यानेच येथवर आणले आणि आता तोच परत नेत नाही, म्हणून कवी त्याच्याशी भांडतो. दूत तोच, नाते निराळे. हा भेद मुलांना आपण होऊन दिसला, की कविता त्यांची झाली.

तिसरा पाठ घरचा. मुंबईचे डबेवाले 1890 पासून हे काम करीत आले आहेत, आणि त्यांत आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळकडील मंडळी पुष्कळ. कोणाचे आजोबा गिरणीत होते. आणि परगावी गेलेला पुरुष नसेल असे घर सापडेल. पण माहेर सोडून आलेली स्त्री नाही असे घर कोठे आहे? गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांत माहेरची वाट आणि न्यायला येणारा भाऊ यांना केवढे स्थान आहे! मी मुलांस सांगे, "घरातील एका वडील माणसाच्या बोलण्यात कोणती वस्तू वारंवार येते, ती लिहून आणा."

एके वर्षी एक मुलगी उभी राहिली. तिचे आजोबा जुन्या आंबेगावचे. तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, हे वाचकांस ठाऊक असेल. ती म्हणाली, "गुरुजी, यक्षाला चार महिन्यांनी घरी जायचे होते. माझ्या आजोबांनी मेघ कोठे धाडावा?"

मला उत्तर सुचले नाही. वर्गही स्तब्ध झाला.

दुसऱ्या दिवशी तिने आपली खूण आणली. गाव सोडताना आजोबांनी जुन्या घराची लाकडी चौकट काढून आणली व नव्या घरास बसविली. ती ठेंगणी, येणाऱ्या पाहुण्याचे कपाळ हटकून तिला लागते. त्यावर आजोबा म्हणतात, "आमच्या गावात वाकूनच यावे लागते." मग तिने मेघदूतातील दारावरच्या शंखपद्मांकडे बोट दाखविले आणि म्हणाली, "यक्षालाही दारच आठवले."

परीक्षेत तिने हेच लिहिले. ठराविक वाक्य नसल्यामुळे तिचे गुण कापले गेले. मला वाईट वाटले. तिला फारसे वाटले नाही.

मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा: कवी काय सांगत नाही? माहेरच्या ओवीत माहेरचे दारिद्र्य क्वचितच येते. गाव आठवणारा माणूस गाव का सोडले हे बहुधा गाळतो. त्याने त्याची ओढ खोटी ठरत नाही. पण मुलांना ती पारखता येते.

घरातील वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती. नातवंडाने विचारले, तर 'आमच्या वेळी सोन्याचे दिवस होते' असे सांगून त्यास वाटेला लावू नये. एखादी विहीर, एखादे झाड, एखादी चौकट सांगावी. पुढचे ते शोधील.